बिनतक्रार एकेचाळीस दिवस

३ मे, बुधवार

रोजनिशीची माफी मागतो. निझवाच्या प्रशिक्षणात ही वही मिळाली त्याला सात आठवडे झाले आणि पहिली ओळ आज लिहितोय. उशीर माझ्यामुळे नाही. चष्मा ज़ुवैनाने कुठेतरी ठेवला होता. ती म्हणते, तुमच्याच डोक्यावर होता. बायकोचं काय ऐकायचं.

वहीवर छापलंय, 'नवं तंत्रज्ञान, टिकाऊ संस्था'. तीन दिवस हेच शिकवलं. संस्था माणसांच्या भरवशावर असली की मोडते, कारण माणूस आजारी पडतो, डुलकी घेतो, शेवटी मरतो. यंत्राला यातलं काही जमत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण मला पहिल्याच दिवशी पटलं. डिग्रीवाले तिसऱ्या दिवशीही शंका विचारत होते. जेवण चांगलं होतं.

आज आमच्या फलजवर, म्हणजे डोंगरातलं पाणी गावात आणणाऱ्या पाटावर, फाट्यापाशी, विजेचं दार सुरू झालं. कोणाच्या बागेत पाणी केव्हा जायचं हे आता फोनमधलं ॲप ठरवणार. वेळ झाली की दार आपोआप फिरतं. त्याला लागणारं सोलर पॅनल मशिदीसमोरच्या मोकळ्या जागेत, उंच लोखंडी खांबावर बसवलं. याच जागेत माझा मेहुणा सुवैलिम चाळीस वर्षं काठी रोवून सावली मोजत आला. सावली खुणेवर आली की ज्याची पाळी त्याच्या नावाने तीन हाका मारायच्या. मालकाने 'आहे' म्हणायचं, मग पाणी त्याचं. ओ दिली नाही तर पाणी पुढच्याला. या जमान्यात हाका! काठी मी स्वतः उपटली.

सुवैलिमला लेखी नोटीस दिली. 'आपल्या सेवेची आता आवश्यकता उरलेली नाही. खल्फान बिन मुहन्ना, कारभारी.' त्याचं घर आमच्या भिंतीला लागून आहे, तरी पोस्टाने पाठवली. संस्था अशी चालते. त्याला वाचता येत नाही, म्हणून ज़ुवैनाने वाचून दाखवली. भाऊ तिचाच. परत आल्यावर तिने मला कहवा विचारला नाही.

४ मे, गुरुवार, सकाळ

६:१० ला दार फिरलं. ६:४० ला फिरलं. ७:१० ला फिरलं. दर वेळी टाळी वाजवली. दार बसवायला आलेली इंजिनिअर शम्सा मस्कतला परत निघाली होती. म्हणाली, बाबा, दर वेळी टाळी नको, दिवसात अठ्ठेचाळीस वेळा फिरणार आहे ते. जाताना तिने सांगितलं की दारातला सेन्सर पाणी आहे की नाही एवढंच ओळखतो, किती आहे ते त्याला कळत नाही. मी म्हटलं, पाणी ते पाणी.

५ मे, शुक्रवार

बारीकशी गडबड. शुक्रवारी दुपारी सगळं गाव नमाजाला असतं, म्हणून त्या वेळचं पाणी मशिदीच्या टाकीला सोडायचा रिवाज आहे. हे शम्साला सांगायचं राहिलं. मला कोणी आठवण केली नाही. दाराने पाणी ज़हरानच्या बागेत सोडलं. ज़हरान, लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेला, अर्थातच मशिदीत. आळी भरली, बांध फुटला, पाणी गल्लीतून थेट मशिदीच्या पायऱ्यांशी. निम्मं गाव अनवाणी घरी गेलं. इमामसाहेबांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, आणि त्यांतली एकही त्यांची नव्हती.

ज़हरान सगळ्यांसमोर मला म्हणाला (नस्रचा बाप म्हणून मी गावाचा अबू नस्र), अबू नस्र, तुमचं यंत्र फार धार्मिक निघालं, अख्ख्या गावाचे पाय धुतले त्याने.

हसले सगळे. हसू देत.

संकल्प : शुक्रवारची नोंद स्वतः दुरुस्त करणे.

६ मे

दुरुस्त केली. सगळेच वार शुक्रवार झाले. शम्साने मस्कतहून पूर्ववत केलं आणि यापुढे ॲपला हात लावू नये असं कळवलं. फार आदराने लिहिलंय.

८ मे, सोमवार

लोकांना अडाणीपणाचं व्यसन असतं. आज सहा जण दारात. म्हणे उन्हाळ्यात दिवस लांबतो, सावली एका खुणेवरून दुसरीवर सावकाश जाते, त्याबरोबर आमची पाळीही लांबते, मग यंत्राची पाळी अर्ध्या तासाची अर्ध्या तासालाच कशी संपते? मी म्हटलं, घड्याळ उन्हाळ्यात सुजत नाही. त्यावर ज़हरान म्हणाला, घड्याळाला खजुरी पोसायच्या नसतात, अबू नस्र.

मी आत जाऊन घड्याळाला किल्ली दिली.

११ मे

म्हातारा बदवी पाटावर चार मिनिटं उशिरा पोचला. वय ऐंशी, गुडघे शंभरचे. वळवायला कोणी नाही, तोवर दाराने सोडलेलं पाणी बांध फोडून शेजारच्या बागेत गेलं. म्हातारा कुदळ टेकून बसला आणि रडला. लोक म्हणाले, सुवैलिम दुसऱ्या आणि तिसऱ्या हाकेच्या मध्ये खोकायचा, बदवी पोचेपर्यंत खोकत राहायचा. म्हणजे चाळीस वर्षं उघड पक्षपात चालला होता आणि मी कारभारी असून मला तो खोकला वाटला! मी त्याला लिंबू-मध दिलंय दोनदा.

पाळी अदलाबदल करायची असेल तर अठ्ठेचाळीस तास आधी ॲपवर अर्ज करावा, असा कागद मशिदीच्या भिंतीला लावला. संध्याकाळी त्यावर बकरीने तोंड मारलेलं दिसलं. बकरी कोणाची त्याचा तपास चालू.

१६ मे, मंगळवार

आज माझी स्वतःची पाळी. आठ दिवसांनी येते. दुपारी ४:४० ला दार फिरलं, पाणी आलं, ५:१० ला गेलं. कारभारी म्हणून एक सेकंदही जास्त नाही. डोळे भरून आले. माझ्या खलास जातीच्या आठ खजुरींना फळ असं धरलंय की ज़ुवैनाने घोसांना आधाराच्या दोऱ्या बांधल्या. तिला म्हटलं, बघ. ती म्हणाली, फळ यंत्र यायच्या आधी धरलंय.

२० मे, शनिवार

सबल्यात, गावाच्या बैठकीच्या खोलीत, सगळे जमले. एकतीस वर्षं मी त्या बैठकीत मधल्या उशीला टेकून बसतो, आज उशी दाराजवळ ठेवलेली. कहवा फिरला. मी तीन कप झाल्यावर 'पुरे' म्हणून कप हलवला, तरी वाढणाऱ्याने चौथा ओतला. म्हणजे बोलणं लांबणार होतं.

ठरलं ते असं. यंत्राला मोठ्या ईदपर्यंत मुदत. ईदनंतर बैठक. फलज नीट चालला तर मी कारभारी राहीन, नाही तर शिक्का आणि वह्यांच्या कपाटाची किल्ली ज़हरानकडे. ज़हरानकडे! जो लष्कराचा ट्रक दोनदा वाळूत रुतवून आला!

सुवैलिम कोपऱ्यात होता. त्याची खोड जुनी आहे, गप्प बसून माणसाला बोचायची.

माझ्या बापाने हा शिक्का सांभाळला, बापाच्या चुलत्याने सांभाळला. रात्री दोनदा उठून तो जागेवर आहे ना ते पाहिलं.

संकल्प : ईदपर्यंत एकही तक्रार येऊ द्यायची नाही. रोज नोंद ठेवायची.

२१ मे. तक्रारी : शून्य.

२२ मे. शून्य. आश्चर्य.

२३ मे, मंगळवार

शून्य! इतकंच नाही, बदवीने मला पाहून हात उंचावून सलाम केला. लोक बदलतात. वेळ द्यावा लागतो, हे प्रशिक्षणातही सांगितलं होतं. 'स्वीकाराचा टप्पा' असं त्याला नाव आहे.

सुवैलिमसुद्धा वळला. सकाळपासून सोलर पॅनलच्या खांबापाशी बसून असतो. खांबाभोवती त्याने अर्धगोलात पांढरे गोटे मांडलेत, बहुतेक बकऱ्या धडकू नयेत म्हणून. वर पॅनलकडे बघत नाही, सारखा जमिनीकडे. शरम वाटत असणार.

२४ मे, बुधवार

माझी पाळी. दार वेळेवर फिरलं, पण पाणी बोटभर. आठपैकी दोन आळी ओली झाली. यंदा डोंगरात पाऊस कमी, त्याला यंत्र काय करणार? ॲप म्हणतं, पाळी शंभर टक्के पूर्ण.

घरी येऊन पाठ टेकतो तोच बाहेरून कोणीतरी 'खल्फान बिन मुहन्ना!' असं ओरडलं. तीनदा. आवाज सुवैलिमचा. टिंगल, दुसरं काय. नोकरी गेली, खोड जात नाही. ज़ुवैना म्हणाली, अहो, ओ द्या की. मी कूस बदलली. कारभाऱ्याने कोणाच्याही हाकेला ओ द्यायची म्हणजे शिस्त संपली.

ती म्हणते, जुन्या पाटात पाण्याचा आवाज येतोय. जुना पाट मी ३ मेपासून बंद जाहीर केलाय, तेव्हा आवाज यायचा प्रश्नच नाही.

२९ मे. तक्रारी : शून्य. शम्साला आठवड्याचा रिपोर्ट पाठवला. अंगठा आला.

१ जून, गुरुवार

माझी पाळी. पाणी अर्धं बोट. पाऊण तासाने पुन्हा तीन हाका. या वेळी दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये खोकलाही, बराच वेळ. त्याने आता खरंच औषध घ्यावं.

ज़ुवैनाची तिच्या बापाकडची बाग आहे, चार खजुरी, पाटाच्या वरच्या अंगाला. तिथली आळी मला काठोकाठ दिसली. विचारलं, हे कसं? म्हणाली, मी हाकेला ओ देते. हे काय उत्तर झालं?

ती दवाखान्यातल्या नर्ससारखी सावकाश बोलू लागली आहे. म्हणाली, सुवैलिमला जाऊन विचारा तरी, मालकाने स्वतः मागितल्याशिवाय दुसऱ्याचं पाणी कोणी सोडत नसतं, मला सोडता आलं असतं तर सोडलं नसतं का? मी म्हटलं, मी मागायचं? ज्याला मी नोटीस दिली त्याच्याकडे? ती उठून भाकऱ्या करायला गेली. त्या दिवशीच्या भाकऱ्या फार जाड होत्या.

५ जून. तक्रारी : शून्य.

दुपारी फिरताना पाहिलं, गावात सगळीकडे हिरवं. ज़हरानची केळी तर वेड्यासारखी वाढलीयेत. मला पाहून त्याने फावडं पाठीमागे लपवलं आणि हवेबद्दल बोलू लागला. मी म्हटलं, कसं वाटतंय यंत्र? म्हणाला, अबू नस्र, देवाशपथ, गावात असं कधी झालं नव्हतं. पंधरा वर्षं न बोलणारे भाऊ आता रोज भेटून ठरवतात. मी विचारलं, काय ठरवतात? म्हणाला, आपलं हेच, यंत्राचं कौतुक कसं करायचं ते.

लिहून ठेवलं. भाषणात घालीन.

९ जून, शुक्रवार

माझी पाळी. सेन्सर ओला, मी कोरडा. म्हणजे एक ओघळ येतो, सेन्सरला भिजवतो आणि संपतो. ॲप : शंभर टक्के. हाका तीन. ओ दिली नाही. जिद्द पुरुषाची.

खलासचे हिरवे दाणे गळायला लागले. कमी फळ म्हणजे टपोरं फळ. हे सगळ्यांना माहीत असतं.

१३ जून

आनंदाची गोष्ट. शम्साचा फोन. आमचं गाव जिल्ह्यात पहिलं आलंय, तक्रार नाही, बिघाड नाही. ईदनंतर निझवाला कार्यक्रम आहे, तिथे मी दहा मिनिटं बोलावं. विषय, 'नव्या तंत्रज्ञानाने फलज टिकाऊ कसा झाला'. ती हळूच म्हणाली, बाबा, मला एक कोडं पडलंय, तुमच्या गावात ॲप उघडणारा फोन एकच आहे. मी म्हटलं, पोरी, कारभारी एकच असतो.

भाषणाची पहिली ओळ तयार. 'माणसावर विसंबलेली संस्था मोडते.' दुसरी सुचत नाही.

१७ जून, शनिवार

माझी पाळी. पाच खजुरी वाळल्या. झावळ्या खाली मान टाकून आहेत, बैठकीत बसल्यासारख्या. त्या खजुरी माझ्या बापाने लावल्या, मी दहा वर्षांचा होतो, रोपं मी धरली होती. तीन तग धरून आहेत. नव्या पद्धतीत काही त्याग करावाच लागतो. इतर कोणाला करावा लागलेला दिसत नाही, हे यंत्राचंच यश.

हाका आल्या. या वेळी तिसरी हाक बरीच उशिरा आली आणि पडक्या आवाजात. ज़ुवैना दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी. कांदा चिरत होती, असं ती म्हणाली. हातात कांदा नव्हता.

२५ जून, रविवार

माझी पाळी. दार फिरलं. काहीच आलं नाही. पण आज हाकही आली नाही! चार पाळ्या मी ओ दिली नाही, शेवटी थकला तो. जिंकलो.

संध्याकाळभर मात्र कान भिंतीकडेच होते. कशाला कोण जाणे.

२८ जून, ईद

नवा दिशदाशा, पायघोळ अंगरखा, घातला. खड्ड्यात निखाऱ्यांवर पुरलेलं मटण, शुवा, तिसऱ्या दिवशी निघेल. सगळ्यांनी मिठी मारली. सुवैलिमनेही. मी ताठ उभा राहिलो. त्याच्या अंगाला ओल्या मातीचा वास.

१ जुलै, शनिवार

लिहायला बसलोय. झालं ते क्रमाने.

सबला भरला. उशी पुन्हा मध्ये ठेवलेली. मी उठून रिपोर्ट वाचला. एकवीस मे ते तीस जून, एकेचाळीस दिवस, दार वेळेवर फिरलं, तक्रारी शून्य. कागद घडी केला. वाटलं, आता वाहवा.

बदवी आपल्या कपात बघत होता. मग ज़हरान म्हणाला, अबू नस्र, तुमच्या त्या दाराखालून एकवीस मेपासून पाणीच गेलेलं नाही.

मी म्हटलं, सेन्सर ओला आहे. तो म्हणाला, एक ओघळ सोडतो आम्ही त्याच्यासाठी, बिचारं उपाशी नको राहायला. बाकी सगळं पाणी वरच्या तोंडाला चिंध्या आणि दगड लावून जुन्या पाटात वळवलंय. दार फिरतं, आम्ही त्याला सलाम करतो आणि आपल्या कामाला लागतो. तक्रार कोण करणार, अबू नस्र? दाराची तक्रार दारावर अवलंबून असलेला करतो.

मी विचारलं, पण वेळ कोण बघतो? काठी तर मी उपटली.

सगळे सुवैलिमकडे पाहू लागले. तो पहिल्यांदा बोलला. म्हणाला, खांब छान सरळ बसवलाय त्या पोरीने. माझ्या काठीला बाक होता, दुपारी दोन बोटांची चूक यायची. आता सावली सुरीसारखी पडते. मेहुण्यांचे आभार मानायला हवेत.

कुचका म्हणावं तर तोंडावर हसू नव्हतं. खरंच आभार मानत होता. तेच सहन झालं नाही.

मी म्हटलं, मग माझ्या नावाने हाका? तो म्हणाला, तुमची पाळी होती म्हणून. चार पाळ्या हाका मारल्या, खोकून खोकून घसा बसला. चार पाळ्या मालकाने ओ दिली नाही तर पाणी मशिदीच्या टाकीला जातं, मालक स्वतः मागेपर्यंत. हा नियम तुमच्या वडिलांचाच आहे.

नियम खरा आहे. मीच कपाटातल्या वहीत उतरवलाय, माझ्या अक्षरात.

मग मी खिशातून शिक्का काढला, किल्ली काढली आणि ज़हरानपुढे ठेवली. त्याने दोन्ही परत माझ्याकडे सरकवली. म्हणाला, ठेवा, ठेवा. गावाने एकमताने ठरवलंय, कारभारी तुम्हीच. तुम्ही त्या दारापाशी घड्याळ धरून बसलात की पाटाला तुमचा हात लागत नाही. एकतीस वर्षांत फलज इतका सुरळीत चालला नव्हता. यंत्र काढू नका म्हणजे झालं.

हात वर झाले. सगळ्यांचे. सुवैलिमचाही. शिक्का खिशात घालून घरी आलो.

२ जुलै, रविवार, दुपार

शम्साला कळवलं, निझवाला येत नाही, घसा बसलाय.

उद्या माझी पाळी. बागेत जाऊन आलो. तीन खजुरी. एकीचे घोस अजून पिवळे धरलेत, दोऱ्या ताणलेल्या. उद्याचं पाणी मिळालं तर त्या राहतील. आणखी आठ दिवस निघणार नाहीत, हे समजायला ॲप लागत नाही.

सुवैलिमकडे समोरासमोर मागणं जिभेवर येत नाही. चिठ्ठी लिहायला घेतली, ज़ुवैना त्याला वाचून दाखवेल. पहिला मसुदा 'कारभारी कार्यालयाकडून' असा सुरू केला. तिने फाडला. दुसऱ्यात 'आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे' असं होतं. तो तिने चुलीत घातला आणि समोर मांडी घालून बसली. म्हणाली, मी सांगते तसं लिहा. मी म्हटलं, मी चौथी शिकलोय, मला येतं. हा तिसरा, तिच्या समोर लिहिलेला :

अबू हिलाल,

पत्राला दोन महिने उशीर झाला, त्याबद्दल माफ कर. नोटिशीबद्दलही. हे शेवटचं वाक्य माझंच आहे, तुझ्या बहिणीने सांगितलेलं नाही.

पाणी मागतोय. तीन खजुरी उरल्यात, बापाच्या हातच्या. सावली कोणत्या गोट्यावर आली की माझी पाळी, ते मला ठाऊक नाही. एकतीस वर्षांत कधी खाली बघितलंच नाही. उद्या मी पहाटेच्या नमाजनंतर कुदळ घेऊन पाटावर उभा राहतो. हाक मारलीस तर पहिल्या हाकेलाच ओ देईन. गोटा कोणता, एवढं फक्त सांग. आज मावळायच्या आत कळव, वाट बघतोय.